मामांचा राहुकाळ

बंगळुरात संसार करून उभ्या आयुष्यात एकदाही रांगेत उभा न राहिलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत रुजू झालो, तेव्हा विजेच्या बिलाला रांग होती, गॅसला रांग होती, आणि रेल्वेच्या तिकिटाला तर अशी रांग, की माणसं घरून डबा घेऊन येत. मामा मात्र स्कूटरवरून खिडकीपर्यंत जात, इंजिन बंद न करताच बिल भरत आणि परत येत, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. त्यांचा कुठं वशिला नव्हता, कुठल्या साहेबाशी ओळख नव्हती. त्यांच्याकडे फक्त राहुकाळ होता.

राहुकाळ म्हणजे रोजच्या दिवसातला दीडेक तासाचा अशुभ काळ. वाराप्रमाणे त्याची वेळ बदलते. आपल्याकडेही तो पंचांगात छापलेला असतो, पण बघतो कोण? इथं मात्र मी चांगल्या शिकलेल्या अधिकाऱ्यांना घड्याळ बघून सही पुढं ढकलताना पाहिलंय. त्या वेळात कोणी नवं काम काढत नाही, घर बघायला जात नाही, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा बसत नाही. मामांनी ही गोष्ट नोकरीला लागल्या लागल्या हेरली. सातही वारांचे राहुकाळ त्यांना भटजींपेक्षा पक्के पाठ होते, फक्त उपयोग उलटा होता. गाव ज्या वेळी घरात बसायचं, नेमके त्या वेळी मामा बाहेर पडायचे. बनशंकरीतला प्लॉट त्यांनी राहुकाळात घेतला, पायाही राहुकाळातच खणला, कारण त्या वेळेला गवंडी रिकामा होता. शेजारच्या अक्का कुंपणावरून कळवळून ओरडायच्या, "ईग राहुकाल री, होरगे होगबेडि!" आत्ता बाहेर पडू नका हो, एवढंच त्यांचं सांगणं. मामा स्कूटरला किक मारत म्हणायचे, "परवागिल्ला, अक्का, चालतंय. काही आणायचंय का तुमचं?" आणि अक्का क्षणभर विचार करून आतून तेलाची बरणी आणून द्यायच्या.

एका राहुकाळात गेटाशी एक लंगडं कुत्र्याचं पिल्लू येऊन बसलं. मामांनी त्याचं नाव राहू ठेवलं. पाठोपाठ एक बोका आला, तो केतू. पुढं केतूला पिल्लं झाली, तरी नाव तेच राहिलं. रोज सकाळी पोरं परीक्षेला निघालेली असताना, अक्का दारात रांगोळी घालत असताना, मामा गेटात उभं राहून "राहू, ये! अरे राहू, ये!" अशा खणखणीत हाका मारायचे. असल्या ग्रहाला आपण होऊन घरी बोलावणारा माणूस त्या गल्लीनं पाहिला नव्हता. पहिलं वर्षभर अक्का कानावर हात ठेवायच्या. नंतर त्याच त्याला उरलेली इडली घालायला लागल्या. घालताना मात्र त्याला नुसतं 'नायी' म्हणायच्या, म्हणजे कुत्रा.

आता एवढा सगळा वेळ वाचवून हा माणूस करायचा काय, तर काही नाही. घरी यायचा. सरकारी कारखान्यात ते इंजिनियर होते आणि त्यांनी हट्टानं कायमची पहिली पाळी मागून घेतली होती. अडीच-तीनला घरी. बढती दोनदा चालून आली, दोनदा त्यांनी हात जोडले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, बढती म्हणजे जनरल शिफ्ट. संध्याकाळी सहाला घरी आल्यावर काय उरतं? पावटे सोलून झालेले असतात." हे ते गंभीरपणे बोलत होते. थंडीच्या दिवसांत बंगळुरात पावट्याच्या शेंगांचे ढीग येतात. मामी आणि मामा पायरीवर बसून परातभर पावटे सोलायचे, मध्ये राहू पाय पसरून झोपलेला. बोलणं फारसं नाही. मामी मूळच्या धारवाडच्या, त्या मधूनच म्हणायच्या, "स्वल्प सरका की हो," आणि मामा सरकायचे. त्या दोघांच्या संसारातला सगळ्यात मोठा वाद मी हाच ऐकलाय.

त्यांचा छंद म्हणाल तर वेताच्या खुर्च्या विणायचा. ओळखीच्या सगळ्या मराठी घरांतल्या फाटक्या खुर्च्या त्यांच्या व्हरांड्यात येऊन पडायच्या. काम सुरेख, पैसे घ्यायचे नाहीत, पण खुर्ची परत कधी मिळेल ते केतूवर अवलंबून. अर्ध्या विणलेल्या खुर्चीवर केतू झोपली की काम बंद. "ती उठली की विणतो," असं ते सांगायचे, आणि ती मांजर उठण्यातली नव्हती. आमच्या मुलीच्या बारशाला दिलेली खुर्ची ती शाळेत जायला लागल्यावर परत आली. बसायला अशी झाली होती की तक्रार करायला तोंड उरलं नाही.

मामींचा मात्र राहुकाळावर पुरता विश्वास. त्यांची श्रद्धा बनशंकरीवर, म्हणजे त्या वस्तीला जिचं नाव आहे त्या देवीवर, आणि गंमत अशी की या देवीची पूजा राहुकाळातच करायची असते. मंगळवारी आणि शुक्रवारी बायका अर्धी लिंबं पिळून, सालं उलटी करून, त्या वाटीत तूप-वात घालून दिवे लावतात. म्हणजे ज्या वेळेला सगळं बंगळूर ओस, त्या वेळेला गर्दी फक्त देवळात. मामींना देवळाशी सोडायचं, त्या रांगेत उभ्या असताना आपली कामं उरकायची, आणि दिवा लावून त्या बाहेर येईपर्यंत स्कूटर घेऊन हजर राहायचं, असा मामांचा मंगळवार ठरलेला, कारण त्या दिवशी राहुकाळ तीनला, पाळी सुटल्यावर लागतो. शुक्रवारी त्या वेळेला कारखाना असायचा, म्हणून त्या अक्कांबरोबर जायच्या. मामा कधी आत गेले नाहीत. चपला न काढता बाहेरूनच हात जोडायचे. "लिंबं मी पिळतो, दिवा ती लावते. पुण्य निम्मंनिम्मं," असा त्यांचा हिशोब होता. पिळलेल्या रसाचं सरबत व्हायचं, आणि मंगळवारी-शुक्रवारी त्या घरी जाणाऱ्याला, सर्दी असो की खोकला, ते प्यावंच लागायचं. साखर मामी घालायच्या. तसं सरबत मी पुन्हा कुठं प्यालो नाही.

मामा निवृत्त झाले त्याच सुमारास मामींना जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब झाली होती, ऑपरेशनला पर्याय नव्हता. मामांनी सवयीनं हॉस्पिटलात विचारलं, लवकरात लवकरची वेळ कुठली? तिथल्या बाईंनी वही चाळून शुक्रवारी सकाळी साडेदहाची वेळ दिली. मामा खूश होऊन घरी आले. जेवायला बसल्यावर त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो.

दुसऱ्या दिवशी ते मला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेले. ज्या माणसानं घराचा पाया राहुकाळात खणला, तो डॉक्टरांना विनवत होता, साहेब, दुसरी कुठलीही वेळ द्या. डॉक्टर कन्नड माणूस. ते हसून म्हणाले, सगळे पेशंट ही वेळ बदलून मागतात, म्हणून तर ती तुम्हाला मिळाली. बाकीच्या वेळांना महिनाभर थांबावं लागेल, आणि तुमच्या मिसेसना थांबणं बरं नाही. मामा बाहेर येऊन बाकावर बसले. मी म्हटलं, "मामा, तुमचा कुठं विश्वास आहे यावर?" ते म्हणाले, "माझ्यापुरता नाही. तिच्या बाबतीत कशाला उगाच परीक्षा बघायची?"

निकाल मामींनीच लावला. आयुष्यभर राहुकाळात उंबऱ्याबाहेर पडायचं तर फक्त देवळासाठी, असा ज्यांचा नेम, त्या शांतपणे म्हणाल्या, "शुक्रवार ना? देवीचीच वेळ आहे की ती. आणि तुम्ही एवढी वर्षं त्या वेळेला हिंडताय, कुठं काय झालं तुम्हाला? सरी, ठरलं, जाऊ या."

शुक्रवारी त्यांना आत नेलं आणि थोड्या वेळानं आमच्या लक्षात आलं की मामा जागेवर नाहीत. मी जिने उतरून चहाची टपरी पाहिली, स्कूटर पाहिली. स्कूटर नव्हती. बारा वाजून गेल्यावर ते आले, कपाळाला कुंकू, हाताला लिंबाचा वास, बगलेत पिशवी. देवळात गेले होते. मघाशी मी मामा कधी रांगेत उभे राहिले नाहीत असं लिहिलं, ते पुरतं खरं नाही. राहुकाळभर ते त्या गर्दीत बायकांच्या मागं लिंबं घेऊन उभे होते. "इथं बसून मी काय करणार होतो?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून स्टीलची बाटली काढली. दिव्यासाठी पिळलेल्या लिंबांचा रस! तो फुकट घालवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्या वेटिंग रूममध्ये मी आणि माझ्या बायकोनं तो बिनसाखरेचा रस डोळे मिटून प्यायला, आणि नाही म्हणायची दोघांचीही छाती झाली नाही.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी मामींना बोलता यायला लागलं, तेव्हा मामांनी त्यांना दिव्याचं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "सालं उलटी केली होती ना?"

मामांचा चेहरा पडला. जन्मभर त्यांनी फक्त लिंबं पिळली होती. सालं उलटायचं काम मामींचं.

"विसरलो," ते म्हणाले.

"असू दे. तिला कळलं असेल, नवीन माणूस आहे म्हणून," मामी म्हणाल्या.

त्यानंतर चार-पाच वर्षं मामी चांगल्या हिंडल्या-फिरल्या. पावटे सोलले, सरबतं केली. मग एका दुपारी पायरीवर बसल्या बसल्याच गेल्या, मामा आणि राहू दोघं शेजारी असताना. मला फार वाईट वाटलं, आणि इतकं सुखाचं मरण आलं म्हणून बरंही वाटलं. मामांना काय वाटलं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

पुढं काही महिन्यांनी, एका गुरुवारी सकाळी, मी विजेच्या बिलाच्या रांगेत उभा होतो. रांग नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर गेलेली. खिडकी जवळ आली म्हणून मी सहज मागं वळून पाहिलं, तर शेवटाकडे मामा उभे. मी हाका मारल्या, माझ्या जागेवर या म्हटलं. ते नुसते हात हलवत राहिले. शेवटी मागच्या माणसाला सांगून मीच त्यांच्याकडे गेलो.

"मामा, आज दुपारी दीडला, राहुकाळात आला असता तर इथं चिटपाखरू नसतं."

"माहिती आहे की."

"मग?"

"लवकर घरी जाऊन काय करू, जावईबापू?" ते म्हणाले. "इथं बरं आहे. चार माणसं असतात."

त्यांच्या मागं एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. मामांनी तिला आपल्या पुढं घेतलं आणि स्वतः एक पाऊल मागं सरकले. मी जाऊन माझं बिल भरलं, आणि परत येऊन त्यांच्या मागं उभा राहिलो.