शेठचा आठवडा आणि शोभाबाईंची कळशी

सुरतेच्या लिंबायतमध्ये यंत्रमागांच्या कारखान्यात असलेल्या दगा मास्तरांना त्यांच्या शेठने एक आठवडा दिला. आठवड्याचा पगार नव्हे, आठवडाच; छापील कागदावर, सहीशिक्क्यासकट. झालं होतं असं, की शेठला एका टायवाल्या माणसाने हॉटेलात फुकट जेवू घातलं आणि जेवण उतरायच्या आत डुमसच्या पुढच्या खाडीकाठच्या रिसॉर्टमधली खोली गळ्यात मारली. सबंध खोलीही नाही. वर्षातला एकच आठवडा, पण पंचवीस वर्षं. याला टाइमशेअर म्हणतात, असं शेठ मोठ्या अभिमानाने सांगत. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत तो आठवडा आला आणि नेमकं भाचीचं लग्न निघालं. आठवडा पुढे सरकत नव्हता, न वापरला तर बुडत होता. म्हणून शेठने कागद मास्तरांच्या हातात ठेवला आणि मागांकडे सात दिवस हाताखालचा छगन बघेल, असं सांगून टाकलं.

मास्तर गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. छापील अक्षर ते अर्धवट सोडत नसत. खोलीत चार जणांची सोय, सकाळचा नाश्ता, गार हवेचं मशीन, सगळं त्यांनी नुसतं नजरेखालून घातलं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात होतं, की खोलीतल्या चौघांना रोज चार वाजता समुद्रावर क्रूझची सैर. तिथे मास्तर थबकले. ती ओळ त्यांनी तीनदा वाचली.

का वाचली, ते सांगायला पाहिजे. सुरतेत येऊन मागावर लागण्याआधी दगा तापीवर नाव चालवायचा. बापाची नाव, या तीरावरून त्या तीरावर. स्वतःच्या लग्नाची वरातही त्याने स्वतःच परत आणली. नवरदेवाने वल्हं हातात घेऊ नये, असं म्हातारी माणसं सांगत होती. पण नवी नवरी समोर बसलेली, दगा कोणाचं ऐकतोय! उभ्याने वल्हवायला गेला, नाव वाळूत रुतली, सगळ्यांना गचका बसला आणि शोभाबाईंच्या आईने दिलेली पितळी कळशी तापीत गेली. लाडूंसकट. त्या दिवसापासून शोभाबाईंनी नावेत पाय ठेवला नव्हता. दगाचे दगा मास्तर झाले, पोरं मोठी झाली, पण बायकोला पाण्यावरून एकदा नीट, न सांडता, फिरवून आणायचं राहिलं ते राहिलंच.

रिसॉर्टवर पोचल्यावर पहिल्या दिवशी मॅनेजरने वहीत दोघांची नावं लिहून घेतली आणि क्रूझसाठी मनगटाला बांधायचे चार निळे पट्टे दिले. मास्तरांनी एक पट्टा बायकोपुढे धरला.

"माले नको ती नाव," शोभाबाई अहिराणीत म्हणाल्या. "मनी कळशी आजून तापीमाच शे."

मास्तर एकटेच गेले. बोट पांढरीशुभ्र, वर छत, गाणी लावलेली. पण शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि तीच त्यांना सारखी दिसत राहिली. परत आले तर शोभाबाई दुसऱ्याच काळजीत. चार गाद्या, झोपणारी माणसं दोन. खोलीत माणूस नाही म्हणून चालता पंखा बंद करणारी ही बाई; दोन कोऱ्या गाद्या बघून तिला जेवण जाईना.

आता हे दुखणं मास्तरांना नवं नव्हतं. लिंबायतमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा एका खोलीत सहा खाटा आणि बारा माणसं होती. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच खाटेवर आडवा व्हायचा. खाट गार कधी पडतच नसे. टायवाल्याने शेठला जे जेवण घालून शिकवलं, ते लिंबायतला केव्हाचं येत होतं. मास्तरांनी रिसॉर्टच्याच कागदावर पाळ्या लावल्या आणि गल्लीत निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रातपाळी सुटली, तशी रिक्षातून शेजारचा वाल्मिक आणि सुकलाल उतरले. अंगावर मागावरच्या सुताची धूळ तशीच. गार हवेत तीनपर्यंत झोपले, पट्टे बांधून क्रूझला गेले आणि तीच रिक्षा त्यांना संध्याकाळी रातपाळीला घेऊन गेली. त्याच रिक्षाने येताना दिवसपाळीचे दोघे आणले. मग रोज हेच. खोलीत एका वेळी चौघांच्या वर कोणी नाही, आणि गादी एकही गार नाही. नाश्त्याच्या वेळी वाढप्यांची धांदल उडायची, कारण रोज चेहरे निराळे आणि भूक तीच. शोभाबाई खूश होत्या. आपला पट्टा त्या रोज कोणाला तरी बांधून द्यायच्या. गल्लीतल्या सरलाबाई जाऊन आल्या, त्यांची सासू जाऊन आली. पंडित टेलर तर वाटेत घाबरून मास्तरांच्या मांडीला मिठी मारून बसला. सहा दिवसांत अर्धी गल्ली मास्तरांच्या शेजारी बसून समुद्र बघून आली. एक बायको सोडून.

सातव्या दिवशी सकाळी मास्तर एकटेच मॅनेजरच्या खोलीत गेले. पंधरा मिनिटांनी बाहेर आले आणि अंगणात सुपारी कातरत बसले.

तीन वाजता सुकलालची बायको नटूनथटून आली. शोभाबाई तिच्या मनगटाला पट्टा बांधणार, तेवढ्यात मॅनेजर वही घेऊन हजर. म्हणाला, आज तपासणी आहे, वहीत ज्यांची नावं आहेत त्यांनाच बोटीत घेता येईल. शोभाबाईंनी हरप्रकारे सांगून पाहिलं. तो ऐकेना.

"म्हणजे आज ही जागा रिकामी जाणार?"

"रिकामीच जाणार, मासी."

शोभाबाईंनी पट्ट्याकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं. पैसे भरलेली खुर्ची, छत, वर चहा-बिस्कीट, सगळं वाया. त्यांनी पदर खोचला, पट्टा स्वतःच्या हाताला बांधला आणि मास्तरांच्या पुढे चालू लागल्या.

बोट सुटली तशी त्यांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. खाडी मागे पडली, मोकळं पाणी लागलं, मासे मारणाऱ्या होड्या लहान झाल्या. हळूहळू दांड्यावरचा हात सुटला. चहा आला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला. एक थेंब सांडला नाही.

"हा तुमच्यापेक्षा बरा चालवतो," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली. या एका वाक्यासाठी ते बावीस वर्षं थांबले होते. जरा गोड असतं तर चाललं असतं, पण असो.

थोड्या वेळाने शोभाबाईंनी विचारलं, "त्या वहीवाल्याला सकाळी काय सांगितलं तुम्ही?"

मास्तर दूरवरच्या होड्या मोजू लागले.

"कळलं," शोभाबाई म्हणाल्या. बिस्किटाचा पुडा त्यांनी पदरात बांधला, पाण्याकडे बघत राहिल्या, आणि बोट धक्क्याला लागत आली तेव्हा बोलल्या, "शेठला विचारून ठेवा, पुढच्या वर्षी हा आठवडा कोणाला देणार. पाळ्या मी लावीन. क्रूझला माझं नाव सातही दिवस. तुमचं बघू, जागा उरली तर."