पाचव्या घरातलं ताट

"उपासाचं अंगाला लागत नाही म्हणता तुम्ही; माझ्या बापाला लागलं," विदोसाव एकदा हाताचं ग्रीस पुसता पुसता मला म्हणाला होता.

तो आमच्या क्राल्येवो गावातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टमधली वजनाची पाटी तो दर वेळी थांबून वाचतो, जणू तिच्यावर त्याच्याबद्दल काही लिहिलं आहे.

आमची दोघांची घरं आजोबांपासून एकमेकांची कूम. त्यांच्या लग्नांत आम्ही साक्षीला उभे राहतो, त्यांच्या मुलांची नावं आम्ही ठेवतो. भाऊ भावाशी भांडतो, कुमाशी भांडायला लोक घाबरतात.

डिसेंबरात संत निकोलाचा दिवस येतो. इथे प्रत्येक घराचा आपला एक संत असतो; आमच्या घराचा तोच, आणि निम्म्या गावाचाही. त्या दिवशी कुणाला बोलावणं जात नाही. निम्मं गाव आपल्या घरी पाहुण्यांसाठी उभं असतं आणि उरलेलं निम्मं दारोदार जेवत फिरतं. नाताळाआधीचा उपास चालू असतो, म्हणून मांस, दूध, अंडं वर्ज्य; मासा चालतो. आल्या आल्या पाहुण्याला चमचाभर शिजवलेला गोड गहू, मग तळलेला मासा, तेलात निथळणारे घेवडे, भात-अक्रोड भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या, साखरेच्या पाकात बुडवलेली बक्लावा. सगळं उपासाचं.

सत्तावीस वर्षांपूर्वी याच दिवशी विदोसावचा बाप ओब्रेन चार घरं जेवून पाचव्या घरी, म्हणजे आमच्याकडे आला. वय चोपन्न. माझ्या आईनं दुसऱ्यांदा वाढलं आणि म्हणाली, "उपासाचंच आहे, ओब्रेन." तो हसला, काटा उचलला आणि ताटाशेजारी कान टेकवून पडला. टेबलाच्या आत काही ऐकू येत असल्यासारखा. आम्हाला वाटलं, चेष्टा करतोय. त्रिफुन खाटकानं तर त्याच्या पाठीवर थापही मारली. तो पुन्हा उठला नाही.

त्या सकाळी ओब्रेननं पट्ट्याला खिळ्यानं एक नवीन भोक पाडलं होतं. तो पट्टा आता विदोसाव वापरतो. गेल्या हिवाळ्यात एकामागून एक सणांत त्याचं वजन नऊ किलोंनी वाढलं आणि बक्कल त्या भोकापर्यंत पोचलं. फेब्रुवारीत तिसऱ्या मजल्यावर तो जिन्यातच बसला. डॉक्टरीण म्हणाली, हृदय ताणलं गेलंय; असा आणखी एक हिवाळा ते सोसणार नाही.

तेव्हापासून तो आपणच दुरुस्त केलेली लिफ्ट सोडून जिने चढतो. बक्कल तीन भोकं मागे आलं. नोव्हेंबरात तो माझ्याकडे आला. टोपी हातात चुरगाळत होता.

"कूम, यंदा तुझ्याकडे मी फक्त चमचाभर गहू घेईन. ताट वाढू नकोस. वाढलंस तर मी खाईन. मला माझीच खात्री नाही."

"नाही वाढणार," मी म्हणालो.

यंदा तोही चोपन्नचा झाला आहे.

सणाच्या दिवशी चारच्या सुमारास तो आला, चालत. चार घरी फक्त गहू घेऊन निभावलं होतं. चेहरा राखेसारखा, पण डोळ्यांत परीक्षेत पास झालेल्या पोरासारखी चमक. क्रूसाची खूण करून त्यानं गोड गव्हाचा एक चमचा तोंडात घातला. रिकामी खुर्ची एकच होती, खिडकीजवळची. त्याचा बाप त्या दिवशी बसला होता तीच. तो तिच्या कडेवर टेकला.

"अरे विदोसाव, चिमणीसारखा काय बसलास?" त्रिफुन ओरडला. "बायको उपाशी ठेवते की काय?"

"डॉक्टरीण ठेवते."

"डॉक्टरणीला घेऊन ये इकडे! तिलाही चार घास घालू."

सगळे हसले. आदल्या दिवशी मी स्मिल्याला, माझ्या बायकोला, सगळं बजावलं होतं. तरी ती ताट घेऊन आलीच. "घ्या हो कूम. पहाटे चारला उठून केलंय मी. कूम आपल्या घरून उपाशी गेला तर लोकांना काय तोंड दाखवू?"

ताटातून वाफ येत होती. विदोसाव माझ्याकडे पाहत होता. यजमान म्हणून मी सकाळपासून उभा होतो. आमच्यात त्या दिवशी यजमान बसत नाही. पाय सुजले होते. टेबलाभोवतीची सगळी माणसं मी काय म्हणतो ते ऐकायला थांबली होती. ताट उचलून आत न्यायचं, एवढंच करायचं होतं. मला भीती वाटली. त्याच्या मरणाची नव्हे. कंजूष यजमान ठरण्याची.

त्यानं काटा उचलला. माशाचा तुकडा ओठांपर्यंत गेला.

"घे रे," मी म्हणालो, "उपासाचंच आहे."

आवाज माझा होता, वाक्य आईचं. त्रिफुनचं हसू तोंडावरच थिजलं.

विदोसावनं तुकडा ताटात परत ठेवला आणि काटा ताटाशेजारी, अगदी सरळ, जिथे ओब्रेनचा कान टेकला होता तिथे. मग पट्ट्याच्या बक्कलावरून एकदा बोट फिरवलं. उठला, खुंटीवरचा कोट घेतला आणि दारातून बाहेर पडला.