येळवशीला जेवायला कुणी आलं नाही

१. आज येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. निजाम सरकारच्या दवाखान्यातून सुटी मिळाली नाही, म्हणून नांदेडच्या खोलीतच शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ज्वारीची आंबील केली.

२. माझ्या हाताखालच्या दोन शिकाऊ नर्सांना जेवायला बोलावलं.

३. एक म्हणाली, "आंबील? ताई, आमच्याकडं ही गड्यांना देतेत." दुसरी हसली, "चल गं, हाटेलात बिस्कुट खाऊ."

मी रागावले नाही. घरी ऐकलं तेच त्या बोलल्या. मीही घरचंच शिकले. उदगीरला आज वाटसरूलाही हाक मारून शेतात जेवायला बसवतात. तो जेवल्याशिवाय आई घास घेत नाही. म्हणून मी अजून जेवलेले नाही.

हैदराबादेत सोबत शिकलेल्या मैत्रिणींनो, हे वाचून जवळपास असाल तर रविवारी या, पुन्हा आंबील करीन. पीठ आदल्या दिवशी भिजवावं लागतं. किती जणी येणार, ते गुरुवारपर्यंत कळवा.