कच्च्या दोऱ्याचे बारा छत्रीवाले

हणमंत अण्णांनी मला फसवलं. बंगळूरच्या शिवाजीनगरात लोक उलटं सांगतात, की मीच त्यांना फसवायला गेलो होतो. तेही खरं आहे. पण फसलो मी, म्हणून आधी माझं ऐकावं.

अण्णा शिंपी. त्यांचं घराणं किती पिढ्या बंगळुरात होतं ते त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि गिऱ्हाइकाशी इंग्रजी, तेही मापापुरतं. मी बेळगावकडून एक ट्रंक घेऊन आलेला माणूस. गोरे लोक बंगले सोडून निघाले तेव्हा त्यांचं सामान घेत गेलो आणि त्यातून माझं जुन्या वस्तूंचं दुकान उभं राहिलं. बोलताना माझा आवाज चढतो, हे मान्य आहे. तो चढला की समोरच्याचा भाव उतरतो, म्हणून मी ती सवय मोडली नाही.

युद्धाच्या काळात विमानातून छत्री बांधून उड्या मारणाऱ्या गोऱ्या शिपायांची एक तुकडी छावणीत होती. त्यातल्या बारा जणांनी अण्णांकडे गणवेश शिवायला टाकले. मापं झाली, कापड कापलं, कच्च्या दोऱ्याने जोडलं, आणि ट्रायलच्या आदल्या दिवशी तुकडीला हुकूम आला. बाराही जण गेले. परत कोणी आलं नाही.

अण्णांचा नियम एकच होता. "ट्रायल झाली नाही तर माल कच्चा. कच्चा माल दुकानाबाहेर जात नाही." स्वतःच्या मुलालाही सूट नव्हती. शंकर विमानाच्या कारखान्यात नोकरीला, लग्नाआधी पाळीवर पाळी आली, ट्रायलला येणं जमलं नाही. नवरदेव साध्या सदऱ्यावर बोहल्यावर उभा राहिला. कोट पांढऱ्या दोऱ्यासकट दुकानात खुंटीला. मुलीकडच्यांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "लग्न आज झालंच पाहिजे. कोटाला काय घाई?"

पुढे मिलिटरीची कामं संपली तेव्हा रिकाम्या हातांना काम म्हणून अण्णांनी त्या बारा जणांचे शिशाचे पुतळे ओतले. उंची चार-साडेचार इंच. प्रमाण इंचाला अर्धं सूत, म्हणजे सोळावा हिस्सा, सगळं मापाच्या वहीवरून. एकाचा डावा हात आखूड, एकाची मान पुढे, एकाचं पोट. डोक्याला तांबडी टोपी, अंगात हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचा डगला, पाठीवर छत्रीचं गाठोडं. चेहरे मात्र जेमतेम. "चेहऱ्याचं माप मी घेत नसतो," म्हणायचे.

हे पुतळे हवे होते कूर्गच्या कॉफीच्या मळ्यावरच्या एका इंग्रज मॅनेजरला. त्याला शिपाई जमवायचा नाद होता. तो कायमचा विलायतेला निघाला होता आणि मला म्हणाला, "ते बारा मिळवून दे, माझ्या बंगल्यातलं सगळं सामान लिलावाशिवाय तुझं." शिसवी टेबलं, आरसे, पियानो. असा सौदा जन्मात एकदा येतो.

मी अण्णांकडे गेलो. पुतळ्यांची पेटी उघडली आणि पाहिलं तर प्रत्येक डगल्याच्या खांद्यावर बारीक पांढऱ्या रेघा.

"अण्णा, हे काय?"

"कच्चा दोरा."

"पुतळ्याला?"

"पुतळ्याला काय, माणसाला काय. ट्रायल कुठं झाली अजून?"

"ते लोक मेलेसुद्धा असतील."

"असतील. मला कळवलं नाही."

तीन आठवडे मी ओरडलो. ते पेटीला हात लावू देईनात. शेवटी मी मॅनेजरलाच उभा केला. तो युद्धात मुंबईला गोदामावर होता, पण मी अण्णांना सांगितलं, "हा त्या बारातला एक. ट्रायलला आलाय." मॅनेजरला ही थाप फारच आवडली. इतका ताठ उभा राहिला की खरा शिपाईसुद्धा राहिला नसता.

अण्णांनी टेप काढली. खांदा, छाती, बाही. वहीची पानं उलटली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. तिथे काही दिसलं नाही. "सरी, ठीक आहे," म्हणाले. "स्वल्प थांबा. एक महिना."

महिन्याने बारा पुतळे मिळाले. दोऱ्याची एक रेघ नाही. मी टोप्या मोजल्या आणि पेटी कूर्गला पोचती केली. आठवड्यात मॅनेजर परत. त्याने पुतळे माझ्या टेबलावर ओळीने मांडले आणि स्वतः शेजारी उभा राहिला. बाराही शिपायांचा उजवा खांदा उतरलेला होता. त्याचाही.

"मला ते बारा जण हवे होते," तो म्हणाला. "हा मीच आहे, बारा वेळा."

सामान दुसऱ्या दुकानदाराने उचललं. पियानोसुद्धा.

मी अण्णांच्या दुकानात जाऊन इतका ओरडलो की समोरचा कासार बाहेर आला. अण्णा बटण लावत होते. "ज्याची ट्रायल, त्याचा माल. यात माझं काय चुकलं?"

"तुम्हाला कळलं होतं."

"बेळगावकर, म्हातारपणी खांदा वाकतो. दोन इंच रुंद होत नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"साहेब इतक्या हौसेनं उभा होता."

पुढे तीन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. मग एक दिवस ते आपण होऊन दुकानात आले. डोळे गेले होते, सुनेचा हात धरून आले. काखेत ती पहिली पेटी, आतल्या बारा जणांच्या खांद्यांवर पांढऱ्या रेघा तशाच, वर मापाची वही आणि टेप. म्हणाले, "तुमच्याकडे साहेब लोक येत असतात. तुम्हाला माणूस आणता येतो. एकदा खरा आणा." मी नको म्हणायच्या आत सुनेला म्हणाले, "चल." त्या पावसाळ्यात गेले.

आता गोरा माणूस दुकानात शिरला की मी आधी विचारतो, युद्धात कुठे होतात. काही जण रागावून निघून जातात. धंद्याला हे बरं नाही. पेटीला गिऱ्हाइकं आहेत, चांगली आहेत. एकाने मी तोंडातून काढीन तो भाव देऊ केला आणि मी म्हणालो, माल कच्चा आहे. माझ्या तोंडून.

शंकरला दोनदा निरोप पाठवला. तो सांगून पाठवतो, "विकून टाका मामा, आमचं काही म्हणणं नाही." हे उत्तर नव्हे. त्याने कारखान्यातून एक दिवसाची रजा काढावी, माझ्यासमोर बसावं आणि सांगावं, या गावात इतकी प्रामाणिक माणसं असताना त्याच्या बापाने ही पेटी माझ्याकडे का दिली.