सात वाक्यांचे सर

आमच्या शाळेत अरबी शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे ‘सातवाक्ये’ म्हणायची. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू! मी भूगोलाची बाई. बावीस वर्षं शिक्षकखोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काढली.

सरांची पद्धत ठरलेली होती. वहीचा छापील समास डावीकडे आणि अरबी लिहायची उजवीकडून, म्हणून मुलांनी आधी पट्टीनं उजवीकडे नवा समास आखायचा. मग सर फळ्यावर निबंधाची सात वाक्यं लिहायचे, मध्ये गाळलेल्या जागा ठेवून. माझं घर, माझा मित्र, माझे शिक्षक, विषय कुठलाही असो, वाक्यं सातच. जागा भरा, पाठ करा, पेपरात उतरवा. त्यामुळे आमच्या झाडून सगळ्या मुलांची घरं मोठी आणि हवेशीर होती.

एकदा एका मुलीला आपलं घर गळतं असं लिहायचं होतं.

“घर गळू दे,” सर म्हणाले. “गुण गळायला नकोत.”

मुलं पास व्हायची, मुख्याध्यापक खूश असायचे. मी मात्र मनातल्या मनात चरफडायचे.

सरांना अरबी शिकवली ती त्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी; आता ते फार म्हातारे झाले होते. लहानपणी सर त्या विषयात दोनदा नापास झालेले. तिसऱ्या वेळी भीतीनं परीक्षेच्या वर्गात पाऊलच टाकेनात. तेव्हा मास्तर म्हणाले, “जा आत. मी इथंच आहे.” आणि खरंच तीन तास उन्हात पायरीवर बसून राहिले. ही गोष्ट सरांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल.

मास्तरांनी अंथरूण धरल्यावर सर दर रविवारी त्यांच्याकडे जात. एका रविवारी मीही सोबत गेले. मास्तर म्हणजे बुटका, लंगडा, तोंडानं फटकळ माणूस.

“माझ्यावर काहीतरी लिहून आण,” ते सरांना म्हणाले. “अरबीत. मेल्यावर लोक चांगलं बोलतात, पण ते मला काय ऐकू येणार? आत्ताच वाचून घेतो.”

पुढचा सगळा आठवडा सरांचं जेवणात लक्ष नव्हतं. डबा तसाच परत जायचा. कागदावर एक ओळ लिहायची, खोडायची, कागद चुरगाळायचा. शेवटी मीच वैतागले.

“अहो, पायरीवर बसले होते ते लिहा की!”

“लिहितो हो बाई, पण वाक्य चुकतं. मास्तरांपुढं चुकलेलं कसं नेऊ?”

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. कागदाच्या उजवीकडे समास आखलेला होता. तो पाहूनच आत काय असणार ते मी ओळखलं.

मास्तरांनी चष्मा लावला आणि मला कळावं म्हणून एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगत गेले. माझे शिक्षक उंच आहेत. ते वेळेवर शाळेत येतात. ते कधीही रागावत नाहीत. ते आम्हाला मन लावून शिकवतात. अशी सात वाक्यं. मास्तरांनी उशीखाली चाचपून पेन्सिल काढली, शेवटी बरोबरची खूण केली आणि कागद सरांच्या हातात परत दिला.

“एकही चूक नाही. पोरगं मेहनती दिसतंय,” ते म्हणाले. “पण हा तू वर्गातल्या कुणाचा तरी निबंध उचलून आणलास. तुझा कागद कुठाय?”

सरांचा चेहरा उतरला.

“घरी राहिला,” सर म्हणाले. “पुढच्या रविवारी आणतो.”

“आण. मी आहे इथंच.”

गुरुवारी मास्तर गेले.

सर दोन दिवस शाळेत आले नाहीत. आले ते थेट नववीच्या वर्गात. माझा तास शेजारच्या वर्गात होता, मधली भिंत अर्धीच, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

“आज फळ्यावर काही लिहिणार नाही,” सर म्हणाले. “विषय, माझे शिक्षक. जे खरं असेल ते लिहा. चुकलं तरी चालेल. मोडकंतोडकं लिहा, गुण कापणार नाही.”

बराच वेळ पट्ट्यांचा आवाज तेवढा आला. चाळीस मुलांनी चाळीस समास आखले. मग लिहायचं कुणी नाव घेईना. मला त्या मुलांचा राग आला आणि सरांची कीव आली. खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

मग एका मुलीनं विचारलं, “सर, पहिलं वाक्य काय लिहायचं?”

मी हातातला खडू खाली ठेवून ऐकत राहिले.