पडद्यावरचा नथू

कान्हे गावात कुणी नवा सिनेमा पाहून आलं की झुंबरबाई आधी विचारायची, "खरा हाय का खोटा?" तिच्या लेखी सिनेमाच्या या दोनच जाती. चुलीपुढं बसलेल्या नायिकेच्या पदराला राख नसली की खोटा. माणूस मेल्याबरोबर बाजा वाजला, तरी खोटा. "आपल्याला रडू यायच्या आधीच ह्ये वाजवत्यात. मग माणसानं रडायचं कवा?"

तिला वाचता येत नव्हतं. पण तळेगावात दिगंबर गुरुजींकडं ती बारा वर्षं स्वयंपाकाला जात होती. निवृत्त, एकटे राहणारे गुरुजी तिला भाजी निवडता निवडता कादंबऱ्या वाचून दाखवत. पुस्तकावर सिनेमा निघाला की दोघं तो टीव्हीवर बघत आणि मग भांडत. "पुस्तकातला म्हातारा शेवटाला गप बसतो, त्येच जिवाला लागतं," ती एकदा म्हणाली. "हितं त्याला भाषण करायला लावलंय. माणूस गप बसला की ह्यांना भ्या वाटतं का वो?" 

अशाच एका दुपारी तिनं त्यांना नवऱ्याची गोष्ट सांगितली. नथू रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता. मुलगा अमृत तीन वर्षांचा असताना इंद्रायणीला पूर आला, आणि शेजारच्या हनुमंताच्या म्हशी दाव्यातून सोडवायला गेलेला नथू परत आला नाही. गुरुजींनी नावं बदलून त्यावर कथा लिहिली. छापून आल्यावर वाचून दाखवली, तेव्हा झुंबरबाईचे हात कणकेतच थांबले. "खरी हाय," एवढंच ती म्हणाली.

पुढं त्या कथेवर सिनेमा निघाला. गुरुजींनी विश्वासानं करारावर सही केली. पटकथा त्यांना कुणी दाखवली नाही. एका रविवारी गुरुजींच्या घरी टीव्हीवर तो लावला. झुंबरबाईबरोबर अमृतही आला होता. पडद्यावरचा गँगमन दारू प्यायचा, बायकोला पट्ट्यानं मारायचा, आणि पुराच्या दिवशी झिंगलेलाच पाण्यात उतरला.

"ह्यो कोण?" झुंबरबाई उभी राहिली. "गुरुजी, ह्यो कोण माणूस?"

गुरुजींनी तिथूनच दिग्दर्शकाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सर, नुसता चांगला माणूस बुडतो, यात गोष्ट कुठं आहे? प्रेक्षकाला कारण लागतं."

कथा गावात कुणी वाचली नव्हती. सिनेमा घरोघर मोबाइलवर पाहिला गेला, आणि पुरात बुडालेला तो गँगमन म्हणजे नथूच, हे सगळ्यांनी ओळखलं. गल्लीतल्या नंदाबाईनं तर झुंबरबाईला कवटाळलं. "किती सोसलंस गं बाई, कधी बोलली न्हाईस!" झुंबरबाई नाही नाही म्हणत राहिली, तसा नंदाबाईचा कढ वाढतच गेला.

अमृत रागावला असता तरी तिला चाललं असतं. तो मायेनं बोलला. "आई, तू माझ्यासाठी लपवलंस. मला कळतंय."

"आरं, सुपारीचं खांड बी तोंडात धरत नव्हते त्ये!"

"मग सिनेमावाल्यांनी उगाच दाखवलं व्हय?"  कंपनीतल्या मित्रांबरोबर अमृतही अधूनमधून प्यायचा, आणि त्यावरून तिची बोलणी खायचा. "आता समजलं माझ्यात कुठनं आलं त्ये. रक्तातच हाय, तर मी तरी काय करू?"

ती हनुमंताकडं गेली. ज्याच्या म्हशींपायी नथू गेला, तो तरी सांगेल. "तुमी तितं व्हता, भाऊ. सांगा माझ्या पोराला." म्हातारा हनुमंत आठवू लागला. "पेला असंल बी गं. लय वर्सं झाली. त्या सिनेमात तर तसंच हाय."

गुरुजी म्हणाले, "मी वर्तमानपत्रात लिहितो. खुलासा करतो."

"न्हाई, गुरुजी. तुमी आता काय बी लिवू नका," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं पोळ्या केल्या, ओटा पुसला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला गेली नाही.

भाद्रपदातल्या पितृपक्षात नथूचा म्हाळ आला. झुंबरबाईनं खीर, वडे, भाज्या करून त्याच्या नावानं पान वाढलं. अमृतनं हात जोडले. मग खिशातून दारूची छोटी बाटली काढली, टोपण उघडलं आणि पानाशेजारी ठेवली.

"असू दे, आई. त्यांना आवडायची ना," तो म्हणाला.

झुंबरबाईनं हात पुढं केला, पण लेकाच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं. बाटली तिनं तशीच राहू दिली.