फोरमनचा गोळा

तारापूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चालवायचे, तेव्हा आमच्या फोरमनने मालकाच्या मागे लागून गोळे कापायची अटॅचमेंट मागवली. ती लेथवर बसवून दांडा फिरवला, की टूल एका खुंटीभोवती गोल फिरतं आणि सळईच्या टोकाला गोळा कापतं. आम्हाला व्हॉल्व्हच्या हँडलसाठी पितळी गोळे हवे होते.

फोरमनने तिला कोणालाच हात लावू दिला नाही. सोबतचा कागदही उघडला नाही, कारण वाचणं त्याला कमीपणाचं वाटायचं. पहिला गोळा निघाला तो लिंबासारखा टोकदार.

"साहेब, अटॅचमेंटची खुंटी सळईच्या बरोबर मध्याखाली आलेली नाही," मी म्हणाले. "ती ज्या स्लाइडवर बसवलीय, ती जराशी सरकवा."

"बाई, तुमी आयटीआयवाल्या पुस्तकात गोळे काढा. हे पितळच खराब हाय."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने सात लिंबं काढली. दर वेळी दोष पितळेचा, नाहीतर टूलचा. तो जेवायला गेल्यावर मी स्लाइड सरकवली आणि एक गोळा कापला. तो चांगला गोल निघाला.

परत आल्यावर त्याने तो उचलला आणि मला काही न विचारता थेट मालकाच्या केबिनमध्ये नेला. "बसवली बघा शेवटी," असं त्याने म्हटलेलं मला बाहेर ऐकू आलं. माझा जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर मलाच उभं करून खुंटी कशी लावायची ते समजावलं, आणि तेही चुकीचं समजावलं.